मालकाचा स्वभाव आणि लोकांचे राज्य

एखादा धनाढ्य, उद्दाम आणि वाचाळ उद्योगपती राजकारणात उतरला, म्हणजे त्या देशात एका ठराविक वादाला तोंड फुटते. हा माणूस स्वभावाने राज्यकारभाराला लायक आहे काय? एक पक्ष म्हणतो, तो बेधडक आहे, झटपट निर्णय घेणारा आहे, त्याच्या पोटात एक आणि ओठात एक असे नाही. मुळमुळीत पुढाऱ्यांना विटलेल्या देशाला असाच माणूस हवा. दुसरा पक्ष म्हणतो, तो उथळ आहे, आत्मप्रौढ आहे, त्याला विरोध सहन होत नाही. अशाच्या हाती राज्य देणे म्हणजे माकडाच्या हाती कोलीत देणे होय. अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प यांच्या निमित्ताने २०१६ साली हा वाद जगभर गाजला आणि २०२४ साली ते पुन्हा निवडून आले तेव्हा तो नव्याने पेटला. दोन्ही वेळा वादाचा विषय एकच राहिला, आणि तो म्हणजे त्या माणसाची वृत्ती.

या वादाचा निकाल लावण्यासाठी अमेरिकेकडेच पाहिले पाहिजे असे नाही. तिथला हिशेब अजून चालू आहे. परंतु इटलीत हेच नाटक १९९४ पासून जवळजवळ तीस वर्षे रंगले आणि १२ जून २०२३ रोजी सिल्व्हिओ बर्लुस्कोनी यांच्या मृत्यूने त्यावर पडदा पडला. ते वहीखाते आता पुरे झाले आहे. समाजवादी कार्यकर्त्याने तर ते विशेष काळजीने वाचावे, कारण त्यात केवळ एका धनिकाची नव्हे तर एका समाजवादी पक्षाच्या अधःपाताचीही नोंद आहे.

बर्लुस्कोनी यांच्या समर्थकांची बाजू प्रथम प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ती पोकळ नव्हती. १७ फेब्रुवारी १९९२ रोजी मिलान शहरातील एका वृद्धाश्रमाचा व्यवस्थापक कंत्राटदाराकडून लाच घेताना पकडला गेला. हा व्यवस्थापक इटालियन समाजवादी पक्षाचा होता. त्या एका धाग्यावरून न्यायाधीशांनी तपासाचे सूत ओढले आणि दोन वर्षांत सारी राजकीय व्यवस्था उसवली. चार दशकांहून अधिक काळ राज्य करणारा ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्ष मोडला. माजी पंतप्रधान आणि समाजवादी पक्षाचे सर्वेसर्वा बेत्तिनो क्राक्सी १९९४ साली ट्युनिशियात निघून गेले आणि २००० साली तिथेच वारले. ज्यांनी आयुष्यभर त्या पक्षांना मते दिली, त्यांना आपण फसलो असे वाटले, आणि ते खरेही होते. अशा वेळी एक माणूस दूरदर्शनच्या पडद्यावर येतो आणि सांगतो की, मी राजकारणी नाही. मी शून्यातून उद्योग उभारला, माझ्याजवळ भरपूर पैसा आहे म्हणून मला चोरी करण्याचे कारण नाही, मी कंपनी चालवली तसा देश चालवीन. २६ जानेवारी १९९४ रोजी बर्लुस्कोनी यांचे सुमारे नऊ मिनिटांचे ध्वनिचित्रमुद्रित भाषण प्रसारित झाले. मार्चअखेर निवडणूक झाली, त्यांच्या नवजात पक्षाने एकवीस टक्के मते मिळवली आणि मे महिन्यात ते पंतप्रधान झाले. लोक भुलले असे म्हणून हे झटकून टाकता येत नाही. त्यांचा जुन्यांवरचा राग रास्त होता आणि त्या रागाला दुसरे दार उघडे नव्हते.

तेव्हा समर्थकांचा एकेक दावा घेऊन तो तपासणे हेच योग्य.

पहिला दावा स्वकर्तृत्वाचा. बर्लुस्कोनी हे बँकेतील एका कर्मचाऱ्याचे चिरंजीव. तरुणपणी त्यांनी जहाजांवर गाणी म्हणून पैसे मिळवले, पुढे मिलानच्या कडेला मध्यमवर्गीयांसाठी मोठी वसाहत बांधली. हे सारे खरे. परंतु त्यांचे साम्राज्य उभे राहिले ते दूरदर्शनच्या व्यवसायावर. इटलीच्या घटना न्यायालयाने १९७६ साली खासगी प्रसारणाला परवानगी दिली ती केवळ स्थानिक पातळीवर. देशव्यापी प्रसारण सरकारी संस्थेकडेच राहणार होते. बर्लुस्कोनी यांनी गावोगावच्या लहान केंद्रांना एकाच कार्यक्रमाच्या फिती पाठवून त्या एकाच वेळी दाखवण्याची युक्ती काढली. कागदावर ती स्थानिक केंद्रे होती, प्रत्यक्षात ते देशव्यापी जाळे होते. ऑक्टोबर १९८४ मध्ये रोम, तुरीन आणि पेस्कारा येथील न्यायाधिकाऱ्यांनी कायद्यावर बोट ठेवून हे प्रसारण थांबवले. तेव्हा पंतप्रधानपदी होते समाजवादी क्राक्सी. काही दिवसांच्या आत त्यांच्या सरकारने वटहुकूम काढला आणि पडदे पुन्हा उजळले. क्राक्सी आणि बर्लुस्कोनी यांची मैत्री इतकी की, १९९० साली बर्लुस्कोनी यांच्या दुसऱ्या विवाहात क्राक्सी साक्षीदार म्हणून उभे राहिले. त्याच वर्षी झालेल्या प्रसारण कायद्याने बर्लुस्कोनी यांच्या तिन्ही वाहिन्यांवर शिक्कामोर्तब केले. त्या कायद्याच्या निषेधार्थ ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्षाच्या डाव्या गटातील पाच मंत्र्यांनी राजीनामे दिले. पुढे २०१५ साली राष्ट्राध्यक्ष झालेले सेर्जो मात्तारेल्ला हे त्या पाचांपैकी एक.

म्हणजे जो माणूस राजकारण्यांचा तिटकारा असल्याचे सांगत लोकांपुढे आला, त्याची दौलत राजकारण्यांच्याच मेहेरबानीने वाढलेली होती. बाजाराच्या खुल्या आखाड्यात कुस्ती जिंकलेला हा मल्ल नव्हता. पंचांनी त्याच्यासाठी नियम बदलले होते. आणि त्या पंचांचा मुख्य स्वतःला समाजवादी म्हणवत होता, ही गोष्ट समाजवाद्यांनी विसरू नये. धनिकाच्या उद्दामपणावर बोट ठेवण्यापूर्वी त्याच्या दारात कोण कोण जाऊन बसले होते, हे पाहावे लागते.

दुसरा दावा कारभाराच्या कौशल्याचा. ज्याने कंपनी चालवली तो देश चालवील, हे विधान सर्व देशांतील मध्यमवर्गाला विलक्षण पटते. परंतु कंपनीचा मालक आणि लोकशाहीतील पंतप्रधान यांच्या कामाची जातच वेगळी असते. मालकाला जो नकोसा होतो त्याला तो घरी पाठवतो. पंतप्रधानाला मित्रपक्ष, विरोधी पक्ष, न्यायालय, कामगार संघटना यांपैकी कोणालाच घरी पाठवता येत नाही. बर्लुस्कोनी यांचे पहिले सरकार अवघे सात महिने टिकले. त्यांनी निवृत्तिवेतनावर कुऱ्हाड चालवायला घेतली. १४ ऑक्टोबर १९९४ रोजी सार्वत्रिक संप झाला आणि १२ नोव्हेंबरला दहा लाखांच्या वर कष्टकरी रोमच्या रस्त्यांवर उतरले. सरकारला संघटनांशी तडजोड करावी लागली, पाठोपाठ मित्रपक्ष असलेल्या नॉर्दर्न लीगने पाठिंबा काढला, आणि डिसेंबरात राजीनामा द्यावा लागला.

२००१ साली ते पुन्हा आले ते एक ‘करार’ घेऊन. निवडणुकीच्या काही दिवस आधी, ८ मे रोजी, दूरदर्शनच्या कार्यक्रमात एका मेजामागे बसून त्यांनी इटालियन जनतेशी केलेल्या करारावर सही केली. करांत कपात, गुन्हेगारीला आळा, किमान निवृत्तिवेतनात वाढ, पंधरा लाख नवे रोजगार आणि मोठ्या सार्वजनिक बांधकामांचा आरंभ, अशी पाच वचने त्यात होती. पाचांपैकी चार पुरी झाली नाहीत तर पुन्हा उभा राहणार नाही, असेही त्यात लिहिले होते. त्या करारावर सही एकाच पक्षाची होती. दुसरा पक्ष, म्हणजे जनता, घरात बसून पाहत होता. करार पाळला गेला की मोडला, हे ठरवणारा पंच नेमलेला नव्हता. साहजिकच २००६ साली बर्लुस्कोनी यांनी आपणच निवाडा केला की वचने पुरी झाली, आणि ते पुन्हा उभे राहिले. व्यापाऱ्याच्या पेढीवर असला करार कोणी मान्य केला नसता. राजकारणात मात्र त्याला धाडस म्हटले गेले.

आणि फलित काय? त्यांचे २००१ ते २००५ चे मंत्रिमंडळ इटालियन प्रजासत्ताकातील सर्वांत दीर्घायुषी मंत्रिमंडळ ठरले. अस्थैर्याची सबब त्यांच्यापाशी नव्हती. तरी त्या शतकाच्या पहिल्या दशकात, ज्यातील सात वर्षांहून अधिक काळ सत्ता त्यांच्याकडे होती, इटलीची आर्थिक वाढ साऱ्या जगात अत्यंत मंद गणली गेली. २०११ साली सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे एकशेवीस टक्क्यांवर होते. कंपनी वाढवणारा हात देशाची संपत्ती वाढवतोच, हा सिद्धांत निदान इटलीत तरी सिद्ध झाला नाही.

तिसरा दावा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत भोळा आहे. ज्याच्या घरी आधीच कोठारे भरलेली आहेत तो सरकारी तिजोरीला हात कशाला लावील? हा तर्क करणाऱ्यांना चोरी म्हणजे गल्ल्यातून नोटा काढणे एवढेच माहीत असते. मोठ्या मालमत्तेला गल्ल्यात हात घालण्याची गरज नसते. तिला कायदा हवा असतो. २००२ साली खोट्या हिशेबांसंबंधीचा फौजदारी कायदा सौम्य करण्यात आला. २००५ साली बर्लुस्कोनी यांच्यावरील हिशेबासंबंधीचा एक खटला, ते कृत्य आता गुन्हा उरलेले नाही, या कारणाने निकाली निघाला. २००३ साली देशातील सर्वोच्च पाच पदाधिकाऱ्यांवरील खटले स्थगित ठेवणारा कायदा झाला. घटना न्यायालयाने तो २००४ च्या जानेवारीत रद्द केला. २००८ साली तसाच कायदा पुन्हा झाला, २००९ साली न्यायालयाने तोही रद्द केला. २००४ साली हितसंबंधांच्या संघर्षाविषयी कायदा करण्यात आला, आणि त्यात मंत्र्याने कंपनी चालवण्यावर बंदी घालून केवळ मालकी असण्याला मोकळीक देण्यात आली. मुनीम दोषी, शेठ निर्दोष, असा तो न्याय होता. अखेर १ ऑगस्ट २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने करचुकवेगिरीच्या खटल्यात त्यांची चार वर्षांची शिक्षा कायम केली. त्यांपैकी तीन वर्षे २००६ च्या शिक्षामाफीच्या कायद्याने आधीच माफ होती. उरलेल्या वर्षासाठी त्यांनी मिलानजवळच्या एका वृद्धाश्रमात आठवड्यातून एकदा सेवा केली. नोव्हेंबर २०१३ मध्ये सिनेटने त्यांचे सदस्यत्व रद्द केले. ज्याला चोरी करण्याची गरज नव्हती असे लोक मानत होते, त्याच्या नावावर ही नोंद पडली.

चौथा दावा रोखठोक बोलण्याचा. जुलै २००३ मध्ये युरोपीय संसदेत एका जर्मन सदस्याने हितसंबंधांविषयी अडचणीचा प्रश्न विचारताच बर्लुस्कोनी यांनी त्याला, तुम्ही छळछावणीवरील चित्रपटात पहारेकऱ्याची भूमिका छान कराल, असे ऐकवले. एप्रिल २००९ मध्ये लाक्विला येथे भूकंप होऊन तीनशेच्या वर माणसे दगावली. तंबूंत राहणाऱ्या निराश्रितांना त्यांनी सल्ला दिला की सहलीला आलो आहोत असे समजावे. असल्या वाक्यांचा साठा अफाट आहे. प्रत्येक वाक्यानंतर इटलीतील सुशिक्षित डावा वर्ग संतापला, व्यंगचित्रे निघाली, अग्रलेख लिहिले गेले, आणि पुढच्या निवडणुकीत मते पुन्हा त्याच माणसाला पडली.

इथेच स्वभावाच्या चर्चेतील सापळा दिसतो. उद्दामपणा हा अशा पुढाऱ्याचा दोष असल्याचे विरोधक धरून चालतात. वस्तुतः ते त्याचे भांडवल असते. त्याने एक अचकट विनोद करावा, विरोधकांनी त्यावर आठवडाभर बोलावे, आणि त्या आठवड्यात संसदेत कोणते विधेयक पुढे सरकले हे कोणी पाहू नये, हा व्यवहार त्याला फायद्याचा पडतो. शिवाय शिष्टाचाराच्या नावाने होणाऱ्या टीकेत कारखान्यातल्या माणसाला शहाण्यांचा तुच्छतेचा सूर ऐकू येतो. हा माणूस असभ्य आहे असे म्हणणारे उद्या मलाही असभ्य म्हणतील, असे त्याला वाटते, आणि तो त्या असभ्य कोट्यधीशाच्या पाठीशी उभा राहतो. शत्रूला मित्र आणि मित्राला शत्रू बनवण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

इंद्रो मोंतानेल्ली हे इटलीतील ख्यातनाम उजव्या विचारांचे पत्रकार. त्यांनी स्थापन केलेल्या दैनिकाची मालकी बर्लुस्कोनी कुटुंबाकडे गेली होती. १९९४ साली बर्लुस्कोनी राजकारणात उतरताच मोंतानेल्ली ते दैनिक सोडून बाहेर पडले. हा निःस्पृहपणा वंदनीय खराच. परंतु २००१ साली त्यांनी असे भाकीत केले की बर्लुस्कोनी हा रोग आहे आणि तो लस टोचूनच बरा होईल. एकदा सत्तेवर बसवा, म्हणजे देश कायमचा बरा होईल. लस टोचली गेली, रोग बरा झाला नाही. २००६ साली जेमतेम चोवीस हजार मतांनी हरलेला तो माणूस २००८ साली भरघोस बहुमताने परतला. पुढारी वाईट स्वभावाचा आहे हे अनुभवाने कळल्यावर लोक आपोआप शहाणे होतात, ही समजूत चुकीची ठरली. लोकांना अनुभव हवा असतो तो दुसऱ्या पर्यायाचा.

स्वभाव हाच निकष धरला तर आणखी एक अडचण येते. थायलंडमधील थाकसिन शिनावात्रा हेही दूरसंचार व्यवसायातील कोट्यधीश, तेही उद्दाम, तेही टीकेने चिडणारे. २००१ साली सत्तेवर येताच त्यांनी केवळ तीस बाथ देऊन कोणत्याही गरिबाला सरकारी दवाखान्यात उपचार मिळतील अशी योजना अमलात आणली. ईशान्येकडील शेतकऱ्याला ती आयुष्यात प्रथमच मिळालेली सामाजिक सुरक्षितता होती. सभ्य पंतप्रधानांनी ती त्याला दिली नव्हती. त्याच थाकसिन यांच्या अमली पदार्थविरोधी मोहिमेत २००३ साली अवघ्या तीन महिन्यांत दोन हजारांहून अधिक माणसे मारली गेली. आणि जानेवारी २००६ मध्ये त्यांच्या कुटुंबाने आपल्या कंपनीचे भाग सिंगापूरच्या सरकारी गुंतवणूक संस्थेला सुमारे त्र्याहत्तर अब्ज बाथना विकले, तेही करमुक्त. परकीय मालकीची मर्यादा वाढवणारा कायदा त्याच्या काही दिवस आधीच लागू झाला होता. एकाच स्वभावातून दवाखाना, हत्याकांड आणि करमुक्त सौदा निघू शकतो. मग स्वभावावरून काय ठरवायचे?

इटलीतील एक उदाहरण तर याहून बोलके आहे. कामगाराला अन्यायाने कामावरून काढले तर त्याला पुन्हा कामावर घेण्याचा हक्क देणारे कामगार कायद्यातील अठरावे कलम १९७० सालचे. बर्लुस्कोनी यांनी ते बोथट करायचे ठरवले. २३ मार्च २००२ रोजी सेर्जो कोफेराती यांच्या नेतृत्वाखालील कामगार महासंघाने रोममध्ये अशी विराट सभा भरवली की तिची संख्या महासंघाने तीस लाख सांगितली. एप्रिलमध्ये सार्वत्रिक संप झाला. उद्दाम उद्योगपतीला माघार घ्यावी लागली. हेच कलम पुढे २०१२ साली सौम्य केले ते मृदुभाषी अर्थशास्त्रज्ञ मारिओ मोंती यांच्या सरकारने, आणि नव्या कामगारांसाठी ते जवळजवळ संपवले ते २०१५ साली मध्य-डाव्या पक्षाचे पंतप्रधान मात्तेओ रेन्झी यांच्या सरकारने. मोंती यांच्या वागण्यात बोट ठेवायला जागा नव्हती. ज्या कामगाराने हक्क गमावला त्याला त्या सौजन्याचा उपयोग काय?

उद्दाम धनिकाला कोण दूर करते, यालाही म्हणूनच महत्त्व आहे. थाकसिन यांना सप्टेंबर २००६ मध्ये सैन्याने रणगाडे आणून हटवले आणि थायलंडची लोकशाही त्यात चिरडली गेली. बर्लुस्कोनी यांना नोव्हेंबर २०११ मध्ये जावे लागले ते इटलीच्या कर्जरोख्यांवरील व्याज सात टक्क्यांच्या वर गेल्यावर. त्यांच्या जागी लोकांनी न निवडलेल्या तज्ज्ञांचे सरकार आले आणि त्याने डिसेंबरातच निवृत्तीचे वय वाढवले. डाव्यांतील अनेकांनी त्या दिवशी आनंद केला. जे काम १९९४ साली रस्त्यावरील दहा लाखांनी रोखून धरले होते ते सावकारांच्या दडपणाखाली एका महिन्यात पुरे झाले, हे त्यांच्या ध्यानात आले तेव्हा उशीर झाला होता.

मग इटलीतील डाव्यांनी काय करायला हवे होते? उत्तर फार लांब शोधावे लागत नाही. १९५७ सालच्या निवडणूक कायद्यात स्पष्ट तरतूद होती की, सरकारकडून मोठा परवाना किंवा सवलत धारण करणारा माणूस संसदेवर निवडून येण्यास अपात्र आहे. दूरदर्शनचे प्रसारण अशाच सवलतीवर चालते. परंतु परवाना कंपनीच्या नावे आहे, व्यक्तीच्या नावे नाही, असा अर्थ लावून संसदेच्या समितीने १९९४ साली हरकत फेटाळली. १९९६ साली तर डाव्या आघाडीचे बहुमत असतानाही तोच निर्णय झाला. १९९६ ते २००१ अशी पाच वर्षे सत्ता हाती असून हितसंबंधांच्या संघर्षावर परिणामकारक कायदा झाला नाही. २००२ साली डाव्यांचे ज्येष्ठ नेते लुचानो व्हिओलांते यांनी भर सभागृहात सांगून टाकले की, त्यांच्या वाहिन्यांना हात लावला जाणार नाही असे आश्वासन १९९४ सालीच देण्यात आले होते. बाहेर स्वभावावर आग पाखडायची आणि आत मालमत्तेला अभय द्यायचे, असा हा दुटप्पी व्यवहार होता.

भारतीय वाचकालाही हा कायद्याचा मुद्दा परका वाटू नये. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातील कलम ९-अ नुसार सरकारशी स्वतः केलेले माल पुरवण्याचे अथवा बांधकामाचे कंत्राट चालू असलेला माणूस अपात्र ठरतो. व्यक्ती आणि तिची कंपनी यांमधील फट इथेही आहे, आणि शहाण्या धनिकाला ती दाखवून द्यावी लागत नाही.

दुसरी गोष्ट संघटनेची. बर्लुस्कोनी यांचा पक्ष त्यांच्या जाहिरात कंपनीतील माणसांनी काही महिन्यांत उभा केला. त्याचे पहिले अधिवेशन भरायला १९९८ उजाडले. ज्या पक्षात अध्यक्षाला प्रश्न विचारण्याची जागा नाही तो पक्ष म्हणजे मालकाची एक शाखा होय. पण त्याच काळात डाव्यांच्या संघटनेचे काय झाले? कम्युनिस्ट पक्षाने १९९१ साली स्वतःचे विसर्जन केले, समाजवादी पक्ष लाचखोरीच्या चिखलात बुडाला. पाठोपाठ मोहल्ल्यांतील पक्ष-कचेऱ्यांना टाळी लागत गेली. संध्याकाळी तिथे बसून वृत्तपत्र वाचणारा आणि वाद घालणारा कामगार घरी जाऊन दूरदर्शनसमोर बसला, आणि तो पडदा कोणाच्या मालकीचा होता हे सांगायला नको. १९९४ सालीच तुरीनमधील मिराफिओरी, म्हणजे फियाटच्या प्रचंड कारखान्याची वस्ती, तिथला मतदारसंघ बर्लुस्कोनी यांच्या उमेदवाराने जिंकला. मिलानच्या शेजारचे सेस्तो सान जोव्हान्नी हे पोलाद कामगारांचे गाव. त्याला लोक इटलीचे स्टालिनग्राड म्हणत. २०१७ साली तिथे महायुद्धोत्तर काळात प्रथमच उजव्या आघाडीचा महापौर निवडून आला.

याचा अर्थ पुढाऱ्याच्या स्वभावाला काहीच किंमत नाही असा नाही. नकार ऐकून घेण्याची सवय, श्रेय वाटून देण्याची वृत्ती, आणि पराभव झाला तर मुकाट्याने घरी जाण्याची तयारी, हे गुण लोकशाहीत आवश्यकच आहेत. २००६ सालचा पराभव बर्लुस्कोनी यांनी कित्येक दिवस मान्य केला नाही. २०२० सालचा पराभव ट्रम्प यांनी मान्य न केल्याने ६ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकेच्या संसदेवर जमाव चालून गेला. तसेच प्रत्येक उद्योगपती राजकारणाला अपात्र असेही नाही. इव्रेआ येथील टंकलेखन यंत्रांचे कारखानदार आद्रिआनो ओलिव्हेत्ती यांनी कामगारांसाठी ग्रंथालये आणि पाळणाघरे उभारली, पगार न घटवता कामाचे तास कमी केले, १९५६ साली ते आपल्या गावचे महापौर झाले आणि १९५८ साली संसदेत गेले. त्यांच्या चळवळीला देशभरातून मिळालेली जागा ती एकच. गुणी धनिकालाही लोकांची संघटना ही उसनी आणता येत नाही. ती लोकांनीच बांधावी लागते.

म्हणून असा एखादा शेठ उद्या मते मागायला दारात आला, तर कार्यकर्त्याने त्याच्या तोंडाळपणाची टिंगल करण्यात वेळ घालवू नये. त्याला चार प्रश्न विचारावेत आणि ते भरसभेत विचारावेत. तुमच्या पक्षाचा खर्च कोण करतो? उमेदवार कोण ठरवतो? सत्तेवर येण्यापूर्वी तुमच्या मालमत्तेतील काय सोडणार, आणि ते कोणाच्या हाती देणार? तुमचे म्हणणे ज्याला पटत नाही त्याला तुमच्या पक्षात राहता येईल काय? हे प्रश्न नम्र धनिकालाही तितकेच लागू पडतात. आणि हेच चार प्रश्न स्वतःच्या पक्षालाही विचारण्याची हिंमत ज्या कार्यकर्त्यात आहे, त्याच्याच तोंडून ते ऐकून घेतले जातील. क्राक्सी यांच्या पक्षात ते वेळीच कोणी विचारले असते, तर १९८४ सालचा तो वटहुकूम निघता ना.